टरफलांनी धरलेले तांबे

एकदा एका तांबटआळीत एक वृद्ध कारागीर राहत असत. निम्म्या आळीला हातोडा धरायला त्यांनीच शिकवले होते, म्हणून लहानथोर सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांचा शेवटचा शिष्य विश्राम. अंगाने दणकट, डोक्याने तल्लख, आणि एकदा मनात घेतले की तडीस नेल्याशिवाय न राहणारा. असा शिष्य मिळणे हे भाग्य आणि त्याला सांभाळणे ही शिक्षा, हे ज्यांनी कधी कोणाला शिकवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आळीत घडलेली भांडी उजळण्यासाठी पातळ तेजाबात बुडवत आणि मग पाण्याने धुऊन काढत. ते हिरवट-निळे धुवण मोरीतून ओढ्याला मिळे. वर्षानुवर्षे असेच चालले होते, आणि वर्षानुवर्षे चालते ते बरोबरच असते अशी आपली एक गोड समजूत असते. ओढ्याच्या खालच्या अंगाला चांगुणाबाईचा भाजीचा मळा होता. तीन हंगाम तिची मेथी पिवळी पडून खुरटली. चौथ्या हंगामात ती पाटीभर दगड घेऊन आळीत आली, ते मोरीच्या तोंडाशी ओतले आणि म्हणाली, “संक्रांतीपातूर पानी निवळ झालं तर बरं. न्हाईतर ही मोरी म्या बुजवनार. मग भांडी घडवा न्हाईतर टाळ कुटत बसा!”

मोरी बुजली की आळीतले चाळीस हातोडे थांबणार. म्हातारी तांबट मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. विश्राम मात्र पुढे झाला. “संक्रांतीच्या आत करतो, मावशी. नाही जमलं तर तुमच्याबरोबर दगड मी रचीन.”

बोलणे सोपे असते हो! पण हा गडी खरोखर कामाला लागला. शेतातल्या टाकाऊ मालात पाण्यातला धातू धरून ठेवायची ताकद असते, हे त्याने कुठेतरी वाचले होते. त्याने भाताचा तूस वापरून पाहिला, उसाची चिपाडे वापरून पाहिली. शेवटी तेलघाण्यामागे ढिगाने पडलेली भुईमुगाची टरफले आणली, धुतली, कुटली आणि तीन पिंपांत ठासून भरली. वरून धुवण ओतले, तर ते खालून जसेच्या तसे हिरवे बाहेर आले. आळी हसली. विश्राम दोन दिवस तीच टरफले उपसून पुन्हा पुन्हा भरत राहिला.

तिसऱ्या दिवशी गुरुजी पिंपापाशी उभे राहिले, पाण्याचा वास घेतला आणि एवढेच म्हणाले, “तेजाबाचा ताव उतरल्याशिवाय टरफल काय धरणार? आधी चुन्याची निवळी घाल.” मग त्यांनी एक घासलेला लोखंडी खिळा त्याच्या हातात ठेवला. पाण्यात तांबे असेल तर अशा खिळ्यावर लाली चढते.

त्यानंतर रोज सकाळी खिळा बुडायचा आणि रोज लाल होऊन निघायचा. विश्राम टरफले आणखी बारीक कुटायचा, पाण्याची धार आणखी हळू सोडायचा. हाताची सालटी निघाली, बायको रागावली, पण पठ्ठ्या मागे हटला नाही. संक्रांतीला आठ दिवस उरले असताना खिळा करडाच्या करडा बाहेर आला. पाणी तपासायला पाठवले होते त्या प्रयोगशाळेचा कागदही आला, ते ओढ्यात सोडण्यास हरकत नाही असे सांगणारा. त्या दिवशी विश्राम पिंपाला टेकून लहान मुलासारखा रडला.

आता टरफले काही जन्मभर तांबे धरत नाहीत. पोट भरले की ती बदलावी लागतात. अशी भरल्या पोटाची टरफले विश्राम गाडीत घालून चांगुणाबाईच्या उकिरड्यात नेऊन टाकत असे. शेतातून आलेले शेतात जावे, असे आपण सगळेच शिकलो आहोत. शिवाय मावशीच्या मेथीचे झालेले नुकसान खताने थोडे भरून निघेल, असा त्याचा प्रामाणिक हेतू होता. प्रयोग सुरू झाल्यापासून अशा सहा गाड्या झाल्या. “पोरगं गुनाचं हाय,” असे चांगुणाबाई ओढ्यावर सांगत सुटली. संक्रांत झाली की ती तेच खत वाफ्यांत पसरणार होती.

भोगीच्या सकाळी आळीने विश्रामचा सत्कार ठरवला. शाल आली, नारळ आला, हार आला. गुरुजींचा मात्र पत्ता नव्हता. शोधत शोधत मंडळी ओढ्याच्या खाली गेली, तर गुरुजी चांगुणाबाईच्या उकिरड्यात गुडघाभर उतरलेले! धोतर खोचलेले, दोन्ही हातांनी टरफले उपसून पाटीत भरणे चालू.

“म्हातारचळ लागला,” कोणीतरी कुजबुजले. विश्रामचा चेहरा उतरला. “गुरुजी, आज तरी! सगळी आळी खोळंबली आहे. आणि हे काय करताय?”

गुरुजींनी मूठभर टरफले काचेच्या वाटीत घातली, सोबत आणलेल्या बाटलीतले थोडे पातळ तेजाब त्यावर ओतले आणि तोच खिळा घासून वाटीत ठेवला. पाणी हिरवट झाले. खिळ्यावर लाली चढली.

विश्राम वाटीवर वाकला.

“टरफलानं विष मारलं नाही, लेका,” गुरुजी म्हणाले, “नुसतं धरून ठेवलं. त्या बिचाऱ्याच्या हातात होतं तेवढं त्यानं केलं. पुढचं काम आपलं होतं. पाणी निवळलं आणि आपण हात झटकले. डोळ्यांआड झालं त्याला आपण नाहीसं झालं म्हणालो. अरे, तांबं नाहीसं होत नाही, हे तांबटाला मी सांगायचं? दुकानातला कीससुद्धा तू झाडून भट्टीत घालतोस. मग हे तांबं तुला तांबं का वाटलं नाही? पाण्यातून आलं म्हणून?”

“चुकलो, गुरुजी,” विश्राम म्हणाला. “मावशीला आता कोण सांगणार?”

“ज्यानं गाड्या हाकल्या, तो.”

विश्राम बांधावर गेला. चांगुणाबाई भोगीच्या भाजीसाठी वालाच्या शेंगा तोडत होती. त्याने काही लपवले नाही. ऐकता ऐकता तिच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. “म्हंजी तीन सालं पान्यातून दिलं ते पुरं न्हाई झालं, म्हनून आता गाडीतून आनून घातलंस व्हय रं? आन् म्या तुझं गुन गात फिरले!” ती खूप बोलली, आणि विश्रामने मान खाली घालून सगळे ऐकले. शेवटी तो एवढेच म्हणाला, “मावशी, खत पसरू नका. शेवटचं टरफल निघेपर्यंत मी इथून हलणार नाही.”

सत्काराचा नारळ तसाच राहिला. विश्राम उकिरड्यात उतरला. थोड्या वेळाने हार आणणारेही उतरले. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती, पण आळीत कोणी तिळगूळ वाटत बसले नाही. तिसऱ्या दिवशी टरफलांखालची काळी मातीही खरवडून काढली, तेव्हा चांगुणाबाईने स्वतःची पाटी आणली आणि रांगेत उभी राहिली.

वाळवलेली टरफले बंद भट्टीत जाळली. राख कोळशाबरोबर आटवली. मुशीच्या तळाशी मुठीएवढा तांब्याचा गोळा उरला. विश्रामने तो निववून चांगुणाबाईच्या तळहातावर ठेवला.

“येवढंच?” ती म्हणाली.

“एवढं तुमच्या मेथीत जाणार होतं, मावशी.”

तिने गोळा उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा त्याच्या हातात दिला. “तुमचं हाय ते तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. तितं ऱ्हाईलं, तर माझी काय तक्रार न्हाई.” मग मोरीच्या तोंडाशी टाकलेले दगड तिने एक एक करून पाटीत भरले आणि ती मळ्याकडे निघाली.

आपल्या घरातून, दुकानातून रोज काही ना काही ‘साफ’ होऊन बाहेर जाते. ते कोणाच्या उकिरड्यात जाऊन बसते, एवढे एकदा स्वतःच्या पायांनी जाऊन पाहून यावे.