घोड्याला नसलेली पिशवी

पूर्वी मरुवती नगरात दृढवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जनावरांच्या वैद्यांच्या कुळात जन्मला. त्याचे नाव सोमरक्षित. गाय, म्हैस, बकरी, कुत्रा मेल्यावर त्यांची शरीरे त्याने उघडून पाहिली आणि जे पाहिले ते एका पोथीत लिहून ठेवले. त्या पोथीत एक ओळ होती : ‘सर्व पाळीव चतुष्पादांच्या यकृताला पित्ताची पिशवी असते.’ ओळ ऐटबाज होती. फक्त ती लिहिताना त्याने घोडा कधी उघडला नव्हता.

राजाचा आवडता घोडा शंखकर्ण एका सकाळी तबेल्यात मेला. राजाचा घोडा मेला की विषप्रयोग झाला का हे पाहण्यासाठी त्याचे पोट सभेसमोर उघडायचे, अशी तिथली चाल होती. अमात्य बलसेन सोमरक्षिताची पोथी मोठ्याने वाचे, आणि वाचला जाई तो अवयव सेवक उचलून दाखवीत. हृदय दाखवले, फुप्फुसे दाखवली, यकृत दाखवले. पुढची ओळ पित्ताच्या पिशवीची. सेवकांनी यकृत उलटसुलट केले, पण पिशवी काही सापडेना.

पोथी चुकली की घोडा, असा प्रश्न पडला, तेव्हा सभेने घोड्याला चूक ठरवले. घोडा मेलेला असल्यामुळे शिक्षा त्याच्या राखणदाराला झाली.

“विषाने पिशवी विरघळली, महाराज,” बलसेन म्हणाला. “घोड्याला चारापाणी देणारा एकटा भद्दिकच.”

राजाचे पित्त खवळले. पुढचे वाचन तिथेच थांबले. भद्दिकाला दहाव्या दिवशी सुळी देण्याचा हुकूम झाला.

बोधिसत्त्व त्या वेळी खेड्यांत गुरांच्या साथीवर उपचार करीत फिरत होता. तिसऱ्या दिवशी तो परतला, आणि आपल्याच ओळीने एक माणूस मरणार हे त्याला कळले. तो घरीसुद्धा न जाता नगराबाहेर गेला, जिथे मेलेली जनावरे नेऊन टाकत. तिथे सामा नावाची म्हातारी जनावरे सोलण्याचे काम करी. शंखकर्णही तिनेच सोलला होता.

“सामाबाई, घोड्याच्या यकृताला पित्ताची पिशवी असते का?” त्याने विचारले.

सामा हसायलाच लागली. “घोड्याला? अहो आचार्य, गाय सोलायला घेतली की आम्ही आधी पिशवीचं तोंड बांधतो. फुटली तर कातड्यावर हिरवा डाग पडतो, तो काही केल्या जात नाही. बकरीचीही बांधतो. घोड्याचं काय बांधायचं? माझ्या आजीनं बांधलं नाही, आईनं बांधलं नाही, मीही नाही.”

“मग हे तुम्ही कधी सांगितलं का नाही?”

“तुम्ही कधी विचारलंत?”

बोधिसत्त्वाने मान खाली घातली. त्याला लाज वाटली आणि ती त्याने लपवली नाही.

“आणि शंखकर्ण कशानं मेला?”

“आतड्याला पीळ पडला होता. चांगला हातभर भाग काळानिळा झालेला. पण तिथवर कोणी वाचलंच नाही ना!”

बोधिसत्त्व तसाच सभेत गेला. तो म्हणाला, “महाराज, घोड्याला पित्ताची पिशवी नसतेच. यकृतात पित्त तयार होतं. गाय, कुत्रा यांच्यात ते पिशवीत साठतं, दाट होतं, आणि अन्न आलं की पिशवी आवळून ते आतड्यात सोडते. घोडा मात्र दिवसभर थोडंथोडं चरत राहतो. त्याचं पित्त थेट आतड्यात झिरपत राहतं. नदीकाठचा माणूस रांजण भरून ठेवत नाही, तसंच हे असावं. शंखकर्णाच्या आतड्याला पीळ पडला होता, तो सोलताना सामानं पाहिला; भद्दिकानं विष घातलेलं नाही. ओळ मी लिहिली आणि ती चुकीची आहे.”

बलसेन म्हणाला, “वैद्यराज दयेपोटी बोलत आहेत. पुरावा काय? सोलणारणीचा शब्द?”

राजा म्हणाला, “तबेल्यात दोनशे घोडे आहेत. एक मारा आणि बघा.”

“नाही,” बोधिसत्त्व म्हणाला. “निरपराध माणूस सोडवायला निरपराध जनावर मी मारणार नाही, मारू देणार नाही. एखादा घोडा आपल्या मरणाने मेला तर तो दाखवीन. दहाव्या दिवसापर्यंत तसं झालं नाही, तर भद्दिकाऐवजी सुळावर मला चढवा. चूक पोथीची आहे आणि पोथी माझी आहे.”

राजाने ते मान्य केले.

बोधिसत्त्व सामाच्या झोपडीशेजारी जाऊन बसला. चौथा दिवस गेला, पाचवा गेला. गाढव आले, दोन बैल आले, घोडा नाही. सहाव्या दिवशी व्यापारी तांड्याच्या एका नायकाची माणसे एक घोडी ओढत घेऊन आली. तिचे पोट फुगले होते, अंगाला घाम सुटला होता, ती सारखी वळून कुशीकडे पाहत होती.

“ही जगत नाही,” माणसे म्हणाली. “सोलायला ठेवून जातो.”

माणसे गेल्यावर सामा म्हणाली, “आचार्य, नशीब चालत आलं. तुम्ही नुसते बसून राहा. ही मेली की तुमचा जीव वाचतो.”

बोधिसत्त्व केव्हाच उठला होता. घोडीच्या पोटाला कान लावून तो म्हणाला, “सामाबाई, तेल गरम करा.”

“अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?”

“आहे. मी वैद्य आहे आणि ही आजारी आहे. बाकीचं नंतर.”

त्याने तेल पाजले, पोट चोळले, घोडीला लोळू न देता दिवसदिवस चालवले. सामा बडबडत होती, पण लगाम तिच्याच हातात होता. आठव्या दिवशी घोडीने लीद टाकली आणि गवताला तोंड लावले. सामा रडली, आनंदाने की आचार्यांच्या दुःखाने हे तिलाही सांगता आले नसते.

दहाव्या दिवशी बोधिसत्त्व रिकाम्या हातांनी सुळापाशी गेला. “महाराज, घोडा मेला नाही. मी तयार आहे. भद्दिकाला सोडा.”

तेव्हा सामा गर्दीतून घोडीला घेऊन पुढे आली. “मेला नाही असं म्हणतात हे! हिला मरू दिली असती तर पुरावा मिळाला असता. यांनी हिला जगवली. मी नको नको म्हणत होते.”

राजाने घोडीच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाला, “जो स्वतःचा जीव वाचवायला घोडीला मरू देत नाही, तो भद्दिकासाठी खोटं बोलेल कशाला? दोघांनाही सोडा.”

भद्दिक बोधिसत्त्वाच्या पाया पडायला गेला. बोधिसत्त्वाने त्याला वर उचलले आणि आधी स्वतःच त्याची क्षमा मागितली.

पुढच्या वर्षी तबेल्यातला एक म्हातारा घोडा आपल्या मरणाने मेला. त्या दिवशी अवयव उचलून दाखवायला राजाने सामाला बोलावले. तिने यकृत दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवले. पिशवी नव्हती. बोधिसत्त्वाने सर्वांसमोर जुनी ओळ खोडली आणि लिहिले : ‘घोड्याला पित्ताची पिशवी नसते. हे मला सामाने शिकवले.’

पुढे अनेक जन्मांनंतर एका विहारात एका भिक्षूने पाठ केलेल्या नियमावर बोट ठेवून, काहीही न विचारता, एका नवख्या भिक्षूला दोषी ठरवले होते. त्या वेळी भिक्षूंचे गुरू असलेल्या शास्त्यांनी ही कथा सांगितली आणि ते म्हणाले, “भिक्षूंनो, आज नियम सांगणारा हाच तेव्हाचा बलसेन, आणि ज्याला दोष लागला तोच भद्दिक. दृढवर्मा राजा म्हणजे तुमच्यातला स्थविर उत्तिय. विहाराचे अंगण झाडणारी वृद्ध उपासिका, जिला या प्रकरणातले खरे काय ते ठाऊक आहे आणि जिला अजून कोणी विचारलेले नाही, ती सामा. वैद्य सोमरक्षित मीच होतो. केलेला निश्चय स्वतःच्या जिवावर बेतला तरी न ढळणे, याला अधिष्ठान पारमिता म्हणतात.”

हे ऐकून दोषी ठरवणारा तो भिक्षू उठला आणि त्या वृद्धेला विचारायला अंगणाकडे गेला.