खोतांच्या पडवीतला चांद

चूक अण्णा खोतांची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर गोष्ट संपता संपता कोणीतरी शहाणा धाकूच्या नशिबाला बोल लावील. नशिबाचा इथे काही संबंध नव्हता.

समुद्रकाठच्या एका गावात हे अण्णा खोत राहत. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगर, मध्ये गाव आणि गावाच्या मधोमध खोतांचं घर. घराच्या पडवीत एक मोठं तेलचित्र टांगलेलं होतं. कुठल्याशा परमुलखातल्या गलबताच्या कप्तानाने ते अण्णांच्या वडिलांना भेट दिलं होतं. चित्रात संध्याकाळ होती. काठोकाठ भरलेला समुद्र, उसळत्या लाटा, पाण्यावर डोलणाऱ्या होड्या आणि पाण्यातून नुकताच वर आलेला पूर्ण चंद्र. त्याचा रुपेरी पट्टा लाटांवरून थेट बघणाऱ्याच्या पायाशी यायचा. खोतांकडे पाहुणा आला की त्याला आधी गूळपाणी मिळे आणि मग ते चित्र बघावं लागे.

त्याच गावात बुधाजी नावाचा मच्छीमार होता. धाकू हा त्याचा मुलगा. बारा वर्षांचा असताना तो मासळी पोचवायला खोतांकडे गेला, चित्रासमोर उभा राहिला आणि डोक्यावरची टोपली खाली ठेवायचीच विसरला. घरी येऊन त्याने कोळशाने भिंतीवर समुद्र काढला. पंतोजींच्या शाळेतून त्याच महिन्यात त्याचं नाव गेलं, कारण त्याच्या पाटीवर पाढ्यांच्या जागी लाटा सापडल्या. "हा वाया गेला," पंतोजी म्हणाले. पंतोजींचे स्वतःचे तीन मुलगे पाढे पाठ असून वाया गेले होते, पण ते वेगळं.

पोराचं वेड खोतांच्या कानावर गेलं. त्यांनी त्याला पडवीत बसायची परवानगी दिली.

"हे बघ आणि उतरव," ते म्हणाले. "रोज उतरव. समुद्र काय, मागल्या दारी पडलाय. तिथे मासे असतात. चित्र इथे असतं."

अण्णांनी शिकवलं ते एवढंच. पुढे पंचक्रोशीत ते धाकूला 'आमचा शिष्य' म्हणत हिंडले.

बाकीचं सगळं धाकू आपला आपण शिकला, ठेचा खात. पहिलं चित्र त्याने खोबरेलात रंग कालवून काढलं. ते वर्षभर वाळलं नाही. त्यावर इतकी चिलटं चिकटली की चंद्राला दाढी आली. शेवटी होड्या बांधणाऱ्या सुताराला दया आली. "अरे वेड्या, खोबरेल कधी वाळतं का? अळशीचं तेल घे," तो म्हणाला. शिडं शिवणाऱ्याने फाटक्या शिडाचे तुकडे दिले. धाकू ते चौकटीवर ताणून बसवायचा. सफेदा, नीळ आणि काजळी तो पाट्यावर अळशीच्या तेलात घोटायचा. तेलाच्या रंगाचा एक गुण त्याच्या ध्यानात आला होता. तो लवकर वाळत नाही. चूक झाली तर पश्चात्तापाला आठ दिवस मिळतात. माणसं इतकी सवलत देत नाहीत.

अकरा वर्षं तो खोतांच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसला. समुद्र त्याच्या पाठीमागे होता. बुधाजी पहाटे जाळं घेऊन निघे, पण मुलाला उठवत नसे. "चित्रकाराचे हात आहेत, दोर ओढून खरबरीत व्हायचे," असं तो अभिमानाने सांगायचा. धाकूचा चांद हळूहळू गावातल्या घराघरांत लागला. बघणारा प्रत्येकजण "वा!" म्हणे. पंतोजीसुद्धा म्हणाले. मोठ्या माणसांना 'वा' म्हणायला काही बघावं लागत नाही.

मग संस्थानचे महाराज किनारा बघायला येणार अशी बातमी आली. दरबारात चित्रकाराची जागा रिकामी होती. राहायला घर, हवे ते रंग, आणि काम काय, तर दिवसभर चित्रं काढायची. अण्णांनी खटपट केली. धाकूने 'आमच्या गावचा समुद्र, पुनवेचा' असं एक मोठं चित्र काढून महाराजांना द्यायचं, आवडलं तर जागा त्याची. धाकूला तीन महिने झोप लागली नाही. त्याने तोच चांद घेतला, त्याच लाटा घेतल्या आणि गावाची ओळख म्हणून मध्ये किनाऱ्यावरचा आपला घोडेखडक घातला.

मार्गशीर्षातल्या पुनवेच्या दुसऱ्या दिवशी महाराज येणार होते. पुनवेच्या दुपारी चित्र वाऱ्याला म्हणून खोतांच्या ओट्यावर मांडलं होतं. वरचा थर अजून ओला होता. तेवढ्यात कालवं विकणारी भागूआते मागच्या दाराने अंगणात आली. ओहोटीला खडकांना चिकटलेले शिंपले फोडून आतली कालवं काढायची आणि घरोघर विकायची, असा तिचा चाळीस वर्षांचा धंदा. तिने टोपली उतरवली, चित्र बघितलं आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना.

"काय झालं, आते?" धाकूने विचारलं.

"हा घोडेखडक ना रे?"

"हो."

"आणि हा चांद कुठनं वर येतोय?"

"समुद्रातून."

"आपल्या गावात?" ती पुन्हा हसली. "तू लहान असताना अंगणात चांदोबा बघायचास, तो कुठनं यायचा?"

धाकूला आठवलं. चांदोबा फणसामागून यायचा. फणसामागे डोंगर होता.

"पुनवेचा चांद डोंगरावरनं येतो, बाबा. समुद्राकडे तो पहाटे जातो, बुडायला," भागूआते म्हणाली. "आणि तो उगवू दे की बुडू दे, दोन्ही वेळी पाणी तळाला गेलेलं असतं. भरती मध्यरात्री. तू होड्या नाचवतोस कशावर? तेव्हा त्या चिखलात आडव्या पडलेल्या असतात. मी चाळीस वर्षं त्याच उजेडात कालवं फोडतेय. हा कुठल्या गावचा चांद आणलास?"

धाकू चिडला. "चित्रातलं तुला काय कळतं?" असं बोलून गेला. ती काही रागावली नाही. टोपली उचलत म्हणाली, "चित्रातलं नाही कळत. पहाटे ये, जे कळतं ते दाखवते."

संध्याकाळी तो आपल्या अंगणात उभा राहिला. समुद्र मावळतीच्या तांबड्यात रिकामा होता. चांद मुकाट्याने डोंगरावरून वर आला, दर पुनवेला येतो तसाच. धाकूने तो आजवर किती वेळा बघितला होता. पण आपण बघतो ते खरं आणि मोठ्यांच्या घरात टांगलेलं असतं ते जास्त खरं, हे त्याच्या कानात लहानपणीच ओतलेलं होतं. त्याने कधी विचारलंच नाही. एवढी चूक त्याचीही.

तो बापाकडे गेला. "बा, तुला ठाऊक होतं?"

बुधाजी जाळं विणत होता. त्याने मान वर केली नाही. "कुठल्या मच्छीमाराला ठाऊक नसतं?"

"मग अकरा वर्षं बोलला का नाहीस?"

"खोतांच्या घरातलं चित्र, पोरा. आपण कोण बोलणार? वाटलं, मोठ्यांचा समुद्र निराळा असेल."

सुताराला ठाऊक होतं. शिडवाल्याला ठाऊक होतं. तिथीवरून भरतीची घटका सांगणाऱ्या साऱ्या गावाला ठाऊक होतं. सगळे 'वा' म्हणत होते.

पहाटे तो भागूआतेच्या मागोमाग किनाऱ्यावर गेला. पाणी फार लांब गेलं होतं. चांद समुद्रावर खाली आला होता, पण रुपेरी नव्हता. जुन्या पितळेसारखा पिवळा होता. त्याचा पट्टा लाटांवर नव्हता. तो ओल्या चिखलावर, डबक्यांत, खडकांच्या फटींत तुकडे तुकडे होऊन पडला होता. होड्या कुशीवर निजल्या होत्या आणि त्यांच्या लांब सावल्या धाकूच्या पायांपर्यंत आल्या होत्या. पाठीमागे डोंगरावर फटफटत होतं, त्यामुळे खडकांची एक बाजू पिवळी आणि एक निळसर दिसत होती. बायका वाकून कालवं फोडत होत्या. ठक, ठक, ठक. अकरा वर्षांत त्याने एवढा समुद्र एकदाही बघितला नव्हता.

"दिसलं?" भागूआतेने विचारलं.

"दिसलं," तो म्हणाला.

उजाडल्यावर तो खोतांच्या ओट्यावर गेला. "अण्णा, चित्र चुकलंय," म्हणाला आणि का चुकलं ते सांगितलं.

अण्णांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं. त्यांना नवीन काहीच नव्हतं. तेही याच गावात जन्मले होते.

"महाराजांच्या राजधानीत समुद्र नाही," ते म्हणाले. "कोण बघायला जातंय?"

"मी बघून आलो."

"मूर्खा, जागा जाईल! अकरा वर्षं माझ्या पडवीत शिकलास..."

"शिकलो नाही, अण्णा. उतरवलं."

होडीच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडायची पाती त्याने घरून आणली होती. रंग अजून ओला होता. आधी चांद गेला, मग लाटा गेल्या, मग होड्या. घोडेखडक तेवढा त्याने ठेवला. तो बरोबर होता.

तिसऱ्या प्रहरी महाराज आले. अण्णा हात जोडून "पोरगं अडाणी आहे, सरकार" म्हणत पुढे झाले. महाराजांनी राखाडी शीड आणि त्यावरचा एकटा खडक बघितला.

"चित्र कुठाय?"

"पुसलं, महाराज," धाकू म्हणाला. "चांद चुकीच्या बाजूने उगवला होता."

महाराजांनी जांभई दिली. "चांद कुठूनही उगवेना का, आम्हाला भिंत भरायची होती," म्हणाले आणि मेण्यात बसले. दरबारची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. त्याच दिवशी खोतांची पडवी धाकूला बंद झाली.

धाकू किनाऱ्यावर बसून चित्र काढू लागला. चांद पहाटे समुद्राशी असतो ते महिन्यातले तीनचार दिवस. पावसाळ्यात तेही नाहीत. एक चित्र पुरं व्हायला चौदा महिने लागले. चांदाच्या त्या दिवसांत पहाटे हाक मारून बुधाजीच त्याला उठवायचा आणि तिथे पोचेपर्यंत रंगांची पेटी स्वतः धरायचा. माफी मागायला बापांना येत नाही. हाक मारायला येते. धाकूने तेवढ्यावर भागवलं आणि मनापासून भागवलं.

चित्र वाळलं तेव्हा त्याने ते आधी भागूआतेच्या झोपडीत नेलं. तिने ते कोपऱ्याकोपऱ्याने तपासलं. मग म्हणाली, "माझी टोपली कुठाय? घोडेखडकाच्या डाव्या हाताला ठेवते मी."

त्याने तिथल्या तिथे टोपली रंगवली.

"हां," ती म्हणाली. "आता हा आपला."

पुढच्या नारळी पुनवेला गावाने समुद्राला नारळ दिला आणि रिवाजाप्रमाणे मानाचा दुसरा नारळ घेऊन सगळे खोतांच्या दाराशी गेले. धाकू गेला नाही. त्याने आपला नारळ भागूआतेच्या उंबऱ्यावर ठेवला आणि वाकून नमस्कार केला. ती गोंधळली.

"अरे, मी तुला काय शिकवलं? मला तो ब्रशसुद्धा धरता येत नाही."

"तू हसलीस, आते."

"हसले तर काय झालं?"

"तेवढं कोणी केलं नव्हतं."

त्यानंतर दर नारळी पुनवेला तिच्या उंबऱ्यावर नारळ येत राहिला. ती गेल्यावरही आला.

तात्पर्य: ज्याला दिसतं आणि तरी जो बोलत नाही, तो वयाने कितीही मोठा असला तरी त्याला गुरू म्हणू नये; ज्याने तोंडावर हसून आपली मान खऱ्या बाजूला वळवली, त्याचे उपकार जन्मभर मानावेत. धाकूला हे कळलं तोवर त्याची अकरा वर्षं गेली होती, आणि कळल्यावर दरबारची जागा गेली.