चाबकाविना आलेला मणी

एका राज्यात हुकूम तोंडाने देत नसत, चाबकाने देत. राजा म्हणे, "पाणी आणा," आणि मागोमाग हवेत चाबूक कडाडे. तो कडाडला नाही तर पाणी येत नसे, कारण चाबकाविना हुकूम तो हुकूमच नव्हे, असा तिथला रिवाज. फटका एखाद्यालाच बसे, दचकत मात्र सगळेच. आणि "शाब्बास" हा शब्द त्या राज्यात कोणी उच्चारत नसे. सांगितलेलं काम केलं, त्यात कौतुक कसलं!

त्या राज्यात धूम्रकेश नावाचा जादूगार आला. राजा चंडवर्म्यासाठी त्याने कोरड्या डोंगरातून झरा काढून दिला. राजाने पाणी चाखलं, चाबूक वाजवला आणि म्हणाला, "आता दुसरा काढ."

जादूगार संतापला. त्याने ओंजळभर पाणी घेतलं आणि झऱ्याकाठी उभ्या असलेल्या राणी सुलक्षणेवर शिंपडलं. राणी जागच्या जागी दगड झाली.

"उःशाप दे," राजा ओरडला.

"समोर माझी गुहा आहे. आत तांबडा मणी आहे. तो राणीच्या पायांशी ठेव, राणी उठेल. गुहेत माणसाला वाट नाही, कुत्र्याला आहे. पण भ्यालेल्या जिवाच्या तोंडात मणी निखारा होतो, हे ध्यानात धर. सावरीचा कापूस उडण्याआधी मणी आला नाही, तर राणी कायमची दगड." एवढं बोलून जादूगार धूर झाला आणि निघून गेला.

राजाने शिकारखान्यातले उत्तम कुत्रे बोलावले. चाबूक कडाडला, कुत्रे आत धावले, आणि होरपळलेल्या तोंडांनी केकाटत बाहेर आले. राजाने दुसरे पाठवले आणि चाबूक आणखी जोराने वाजवला. तेही तसेच आले. धाकाने काम होत नसेल तर आणखी धाक दाखवावा, याखेरीज राजाला काही सुचतच नव्हतं!

राजकन्या केतकीचा एक कुत्रा होता, भुऱ्या. चाबूक वाजला की तो मंचकाखाली शिरे आणि जेवणवेळेपर्यंत बाहेर येत नसे. केतकी त्याला घेऊन झऱ्यावर गेली. तिथे जादूगाराची साळुंकी बसली होती.

साळुंकी म्हणाली, "गुहेला तीन दारं. पहिल्यापाशी दगडी हत्ती आहेत, ते झोपेपर्यंत बसून राहायचं. दुसऱ्यापाशी भाजलेल्या मांसाचा ढीग आहे, त्याला तोंड लावायचं नाही. तिसऱ्यापाशी मणी. तो उचलून हाकेसरशी यायचं. वाटेत तोंडातून पडला तर मण्याची राख. गोल दिसलं की कुत्रा आपणच उचलतो; बाकीचं शिकव याला: बस, सोड, ये."

"आणि शिकवायचं कसं?"

"केल्या क्षणी 'शाब्बास' म्हण आणि तोंडात काहीतरी घाल. नंतर नाही, त्याच क्षणी."

केतकीने तुपात भाजलेले भाकरीचे कुटके ओच्यात घेतले. भुऱ्या बसला की शाब्बास आणि कुटका. पुढे तो जरा जास्त वेळ बसला की मगच कुटका. "सोड" शिकवताना ती मुठीत खरवस लपवी. भुऱ्या मूठ चाटे, खाजवी, कुरकुरे. मूठ उघडत नसे. कंटाळून त्याने तोंड फिरवलं की शाब्बास, आणि दुसऱ्या हातातून मोठी वडी. भुऱ्याला लवकरच कळलं की या घरात सोडणाऱ्याला जास्त मिळतं.

"ये" मात्र जमेना. एकदा तिने हाक मारली तेव्हा भुऱ्या घुशीच्या बिळाशी रमला होता. बऱ्याच वेळाने आला.

"आता आलास होय, दिवटा कुठला!" ती खेकसली.

"वा, राजकन्ये," साळुंकी म्हणाली, "छान शिकवलंस. आलं की बोलणी बसतात, हे त्याला पाठ झालं. शेवटी तू बापाचीच लेक!"

केतकी ओशाळली. त्यानंतर भुऱ्या कितीही उशिरा आला तरी ती त्याला मिठीत घेई. मग भुऱ्या उशीर करीनासा झाला.

सावरीची बोंडं तडकू लागली. राजा, दरबार आणि सारी प्रजा झऱ्याकाठी जमली. केतकीने भुऱ्याला गुहेत सोडलं आणि तोंडाशी बसून आत डोकावत सांगितलं, "बस." आत भुऱ्या बसला. हत्तींनी सोंडा हलवल्या, डोळे मिटले. "सोड." मांसाच्या वासाने तो कण्हला, आणि पुढे गेला. मग तिने हाक मारली, "भुऱ्या, ये!"

भुऱ्या मणी घेऊन धावत निघाला. हुकूम पुरा व्हावा म्हणून राजाचा हात सवयीने उठला आणि चाबूक कडाडला.

भुऱ्या गुहेच्या दारातच थिजला. शेपूट पोटाशी गेली. मण्यातून धूर निघू लागला.

"भुऱ्या, ये रे!" केतकी कळवळून म्हणाली. पण भुऱ्याची नजर चाबकावर होती.

"आबासाहेब, त्याला भय तुमचं आहे. ते तुम्हीच काढायला हवं."

"मी? कुत्र्याला काय म्हणू?"

"शब्द ठाऊक आहे तुम्हाला."

राजाने दगडाच्या राणीकडे पाहिलं. सावरीचा एक पुंजका देठाशी लोंबत होता. राजाने चाबूक झऱ्यात भिरकावला, मुकुट सावरत चिखलात मांडी घातली आणि गंजलेलं कुलूप उघडावं तसं म्हणाला, "शा... शाब्बास, भुऱ्या."

"मोठ्याने, महाराज," साळुंकी ओरडली. "हे तर मलासुद्धा ऐकू आलं नाही!"

"शाब्बास रे माझ्या राजा! शाब्बास, शाब्बास!"

शेपटीचं टोक हललं. मग सारी शेपूट हलली, धूर विरला, आणि भुऱ्या असा सुटला की राजाला ओलांडून थेट राणीशी थांबला. केतकीने खरवस पुढे केला. भुऱ्याने मणी दगडी पायांवर ठेवला.

राणीने श्वास घेतला. तिच्या गालांवर रंग चढला. ती राजाला म्हणाली, "दगडालाही ऐकू येतं, स्वामी. इतका संसार केला, पण हा शब्द तुमच्या तोंडून आज ऐकला. कोणासाठी होता?"

राजा खाली मान घालून म्हणाला, "कुत्र्यासाठी."

"असू दे. सुरुवात तर झाली."

त्याच दिवशी राजा पाणक्यापासून प्रधानापर्यंत प्रत्येकाच्या दारी गेला आणि अडखळत तो शब्द बोलून आला. शेवटी झऱ्यापुढे हात जोडून, जिथे कोणीच दिसत नव्हतं तिथेही बोलला. डोंगरावरून हसण्याचा आवाज आला आणि शेजारच्या खडकातून दुसरा झरा फुटला.

जशी राणी दगडातून उठली, तसे धाकाने दगड झालेले सारे उठोत. आणि लवकर उठोत!