बांधावरची फळी

एका गावात पाटाच्या पाण्यावरून रोज सकाळी भांडण होई. सगळे बांधावर जमत, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आणि उन्हे चढण्याआधी पाळी ठरवून पाणी अडवणारी फळी उचलत. पाणी सर्वांना मिळे. गावाची रीतच ती.

एकदा नदीपलीकडचे दयाळशेठ मुक्कामाला आले. माणूस विद्वान. प्रत्येक मनुष्य जन्मतःच स्वतंत्र असतो, यावर त्यांनी देवळात असे सुरेख व्याख्यान दिले की ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले. सकाळचे भांडण पाहून मात्र ते कळवळले. म्हणाले, "तुम्हांला न भांडता ठरवता येईपर्यंत फळी मी सांभाळतो." भारावलेल्या गावाने फळीला त्यांचे कुलूप लावू दिले.

शेठनी बांधाच्या वरच्या अंगाला जमीन घेऊन ऊस लावला. अडलेले पाणी उसाला भरपूर पोचे. खाली गावाचा कांदा माना टाकू लागला.

गावकरी तावातावाने तक्रार घेऊन गेले. शेठ म्हणाले, "पाहा, अजून भांडताच आहात." पुढच्या खेपेला गावकरी हात जोडून, हळू आवाजात बोलले. शेठ प्रसन्न झाले. "माझ्या हाती फळी आल्यापासून किती सुधारलात. आता मी मध्येच सोडून गेलो, तर सगळे केलेले वाया जाईल."

कांदा पिवळा पडला. वर्षाचे पोट त्याच कांद्यावर असलेली म्हातारी तुळसाक्का पुढे झाली.

"शेठ, पाणी आमचं आहे, हे पटतं का तुम्हांला?"

"तत्त्वतः पूर्ण पटतं, आक्का."

"मग उचला फळी."

"तत्त्वतः म्हटलं मी."

"बरं, तुमच्या गावात भांडतात का हो माणसं?"

"रोज. जिवंत समाजाचं लक्षणच आहे ते," शेठ अभिमानाने म्हणाले.

आक्का गावकऱ्यांकडे वळली. "ऐकलंत? अजून किती शिकायचं राहिलंय तुमचं?"

गावाने कुलूप तोडले, फळी उचलली. निम्मा कांदा वाचला, निम्मा गेला. शेठ बांधावर उभे राहून बराच वेळ कायद्याच्या राज्याचे महत्त्व सांगत होते. ऐकायला कोणी थांबेना, तेव्हा ते नदीपलीकडे परतले. तिथे सध्या त्यांचे नवे व्याख्यान गाजते आहे. विषय: 'त्या गावाला मी फळी उचलायला कसे शिकवले'.

तात्पर्य: आपण नापास होण्यात ज्याचा फायदा, त्याला आपला परीक्षक नेमू नये, मग तो कितीही उदार विचारांचा असो.