ओल्या वहाणा

पूर्वी पोतली नगरात बसून एक राजा अश्मक देशाचा कारभार पाहत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव सोमिल. वडील गेल्यावर तरुण वयातच तो रोग्यांना औषध देऊ लागला. त्याचे बोलणे थोडे असे. पण एकदा मनाशी ठरवले, की तो मागे हटत नसे.

एका चैत्रात डोंगरावरच्या गवळवाडीहून आलेल्या मीठविक्याने त्याला निरोप दिला. "चंपिका नावाची मुलगी तापाने फणफणली आहे. घरात एकटी आई. पोरीच्या पोटात पाणी ठरत नाही. फार काळ काढील असं वाटत नाही." सोमिलाने औषधांची झोळी खांद्याला लावली आणि तो पहाटेच निघाला.

वाटेत डोंगराच्या पायथ्याशी आम्रग्राम लागे. त्या गावाच्या पाहुणचाराची कीर्ती दूरवर पोचली होती. पाहुणा वेशीत शिरला की त्याच्या वहाणा घ्यायच्या, धुवायच्या आणि दगडी डोणीतल्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, अशी तेथली रीत. भिजलेले कातडे वाळेपर्यंत माणूस जाणार कोठे? तेवढ्यात दोन जेवणे सहज होत.

सोमिलाला ही रीत ठाऊक नव्हती. गावचा मुख्य, म्हणजे ग्रामणी, भद्रक हातपाय धुवायला पाणी घेऊन आला, म्हणून त्याने वहाणा उतरवल्या. तोंड पुसून पाहतो, तो वहाणा नाहीत.

"बाबा, माझ्या वहाणा?"

"भिजताहेत," भद्रक समाधानाने म्हणाला. "आता निवांत बसायचं. हिनं खीर ठेवली आहे."

"मला गवळवाडीत जायचंय. तिथं एक मुलगी मरणाच्या दारात आहे."

"चंपिका ना? गुणाची पोर हो! पण दोन घास खाऊन गेलास म्हणून काय बिघडतं? उपाशी वैद्याचा हात कापतो."

भद्रकाची बायको कालिंदी पळी घेऊनच बाहेर आली. "केवढंसं तोंड झालंय बघा लेकराचं! घरी कोणी जेवू घालत नाही का रे तुला? बस. एक उकळी आली की वाढते."

"आई, उकळीची वाट पाहिली तर उशीर होईल."

"काही उशीर होत नाही. आमच्या दारातून उपाशी गेलेला पाहुणा अजून कोणी पाहिला नाही. मी आहे तोवर पाहणारही नाही."

एव्हाना शेजारीपाजारी जमले. कोणी तूप आणले, कोणी गुळाचे पाणी. एकाने सोमिलाचा हातच धरला. "ग्रामणी, मागचा पाहुणाही तुम्हीच पळवलात. हा आमचा!"

सोमिलाने सगळ्यांकडे पाहिले. एकाच्याही डोळ्यांत कपट नव्हते, आणि तीच मोठी अडचण होती. आडव्या आलेल्या दुष्टाला ढकलून पुढे जाता येते. खिरीची पळी घेऊन उभ्या असलेल्या बाईला कसे ढकलावे?

त्याने विचारले, "आज चंपिकेच्या घरी कोणी जेवण पोचवलं?"

भद्रकाला प्रश्नच उमगला नाही. "तिच्या घरी? ती काय पाहुणी आहे? ती तर आपलीच."

सोमिल उठला. "मग ऐका. ती मुलगी माझ्या डोळ्यांदेखत अन्न घेईल, तेव्हाच मी अन्न घेईन. तोवर पाण्याचा थेंबही नाही." आणि तो अनवाणीच डोंगर चढू लागला.

दुपार झाली होती. काळा खडक तापून निघाला होता. तळव्यांना फोड आले, फुटले. घसा कोरडा पडला. सोमिल थांबला नाही. मागून अख्खे गाव धावत होते. भद्रकाच्या हातात ठिबकणाऱ्या वहाणा, कालिंदीच्या डोक्यावर खिरीचे भांडे.

"अरे, निदान वहाणा तरी घाल!" भद्रकाने त्याला गाठले. सोमिलाने त्या घातल्या. पण पहिल्याच पावलाला वहाणेचा भिजून फुगलेला अंगठा तुटला. वहाणा तेथेच टाकून तो पुढे गेला. मागून येणाऱ्या कालिंदीला खडकावर त्याच्या रक्ताचे ठसे दिसले. त्यानंतर तिने हाक मारली नाही.

झोपडीत चूल थंड होती. चंपिका फाटक्या घोंगडीवर पडली होती. दारात पाहुणा पाहताच तिची आई भिंतीला धरून उठली. "या, बसा. थोडं ताक देते," असे म्हणून तिने मडके कलते केले. ते रिकामे होते. ती तशीच उभी राहिली. कालिंदीने मान खाली घातली.

सोमिलाने औषध उगाळून मुलीच्या जिभेवर ठेवले आणि कपाळावर ओले फडके टाकले. कालिंदीने सवयीने खीर त्याच्यापुढे केली. त्याने नुसती मान हलवली. मग तिने भांडे बाजूला सारले, चूल पेटवली, तांदूळ मागवले आणि पातळ पेज शिजवली. पहिला घोट चंपिकेने ओकून टाकला. दुसराही. सोमिल पुन्हा औषध देई, कालिंदी पुन्हा पेज भरवी. ऊन कलले. मुलीच्या कपाळावर घाम फुटला. पुढचा घोट पोटात राहिला, आणि ती क्षीण आवाजात म्हणाली, "आणखी."

कालिंदीचे डोळे भरून आले. "आता तरी जेवशील ना रे बाबा?"

"जेवेन, आई. पोटभर जेवेन. पण आधी हिच्या आईला वाढा."

त्यानंतरही आम्रग्रामात पाहुण्यांना आग्रह होई, पण त्यांच्या वहाणा कोरड्याच दाराशी राहत. आणि पाहुण्याचे पान मांडण्याआधी गावात कोणाची चूल थंड तर नाही ना, हे पाहून यायची रीत पडली.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली, तेव्हा समोर एक वृद्ध जोडपे बसले होते. त्याच सकाळी एक भिक्षुणी आपल्या आजारी सखीसाठी औषध घेऊन निघाली असता त्यांनी तिला आग्रहाने थांबवून घेतले होते. शास्ते म्हणाले, "त्या जन्मीचे भद्रक आणि कालिंदी म्हणजे हे दोघे. चंपिका ती आजारी सखी, तिची आई ती औषध नेणारी भिक्षुणी, आणि सोमिल वैद्य तो मीच."

वृद्धा चटकन उठली. "मग मी पेज ठेवते," म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता निघाली.

ती दिसेनाशी होईपर्यंत शास्ते थांबले. मग उरलेल्यांना म्हणाले, "दुष्टांच्या विरोधापुढे पुष्कळ जण टिकतात, प्रेमाच्या आग्रहापुढेही जो ढळत नाही, त्याचा निश्चय खरा. हीच अधिष्ठान पारमिता, निश्चयाची परिपूर्णता."