दोन राण्या आणि परका ‘मी’

एका राज्यात चंद्रकेतू नावाचा राजा होता. त्याच्या दरबारी सातासमुद्रांपलीकडचा एक जादूगार आला आणि आपल्या इंग्रजी भाषेत बोलू लागला. ती परकी बोली ऐकून राजा हसला. जादूगाराने छडी फिरवली आणि राजा गुडघ्यांपर्यंत दगडाचा झाला. जाताना जादूगार आपला राखी पोपट सिंहासनावर ठेवून गेला.

पोपट म्हणाला, “दोन्ही राण्यांनी मिळून मी सांगेन ती वस्तू आणावी. कोणी आणली, ते थोरलीने माझ्या धन्याच्या भाषेत सांगावे. बरोबर सांगितले, शाप उतरेल. चुकले, दगड वर चढेल. संधी तीन.”

थोरली राणी मृणालवती. तिला धाकटी केतकी डोळ्यांसमोर नको असे. महाराज विडा केतकीच्याच हातचा खाऊ लागले, तेव्हापासून मृणालवतीने विडाच सोडला होता. आता त्याच सवतीबरोबर रानोमाळ हिंडायचे! पण कुंकवाचा प्रश्न होता.

पोपटाने पंधरा दिवस भाषा शिकवली. इंग्रजीतले ‘आय’ म्हणजे आपले मी, आणि इंग्रजीतले ‘मी’ म्हणजे आपले मला, हेही सांगितले. मग दोघींनी नागतळ्यातले निळे कमळ आणले. मृणालवती ताठ मानेने म्हणाली, “मी अँड केतकी ब्रॉट द फ्लॉवर.” आपण मराठीत म्हणतोच की, मी आणि केतकी. दगड कमरेपर्यंत चढला.

दुसऱ्यांदा राक्षसाच्या बागेतले बोलके डाळिंब आणले. आपण स्वतःला पुढे ठेवले म्हणून पक्षी रुसला, असे थोरलीला वाटले. तिने नाइलाजाने सवतीचे नाव आधी घेतले, “केतकी अँड मी ब्रॉट द फ्रूट.”

“क्रम सुधारला,” पोपट म्हणाला. “बोल चुकला.”

दगड गळ्यापर्यंत आला. मृणालवतीच्या अंगाचा तिळपापड झाला. सवतीला मान दिला तो दिला, हाती काही लागले नाही ते नाहीच.

तिसरी वस्तू अग्निझऱ्याचे उकळते पाणी. मृणालवतीने ते घागरीत भरले, केतकीने घागर वाहून आणली आणि तिचे तळवे पोळले. मृणालवती वाटेत मनातल्या मनात वाक्य घोळवत होती. मत्सराने तिने आधी केतकीला वाक्यातून हाकलले. उरले काय? मी ब्रॉट द वॉटर. म्हणजे, मला पाणी आणले! ती थबकली. एकटीपुरते ती असे कधीच बोलली नसती. एकटी असती तर ‘आय’च म्हणाली असती. मग सवत शेजारी आली म्हणून ‘आय’चा ‘मी’ कसा होईल? किल्ली सापडली, आणि सवतीला हाकलल्यामुळे सापडली, याचा तिला भारी आनंद झाला.

सिंहासनापुढे तिने पोपटाला विचारले, “मी एकटीचेच सांगितले तर?”

“मी भाषा तपासतो. खरेखोटे नाही.”

दगडाच्या वर महाराजांचा चेहरा तेवढा जिवंत उरला होता. मृणालवतीला मोह पडला. तोच केतकी हळूच म्हणाली, “तसंच सांगा, ताई. माझं नाव नसलं तरी चालेल. महाराज उठले म्हणजे झालं.”

हे मात्र मृणालवतीला सोसवेना. विडा हिचा, पोळलेले हात हिचे, आणि आता मोठेपणाही हिनेच न्यायचा? तिने दात आवळले आणि साऱ्या दरबाराला ऐकू जाईल असे म्हणाली, “केतकी अँड आय ब्रॉट द वॉटर.”

पोपट उडून गेला. दगड गळून पडला. चंद्रकेतू उठून उभा राहिला, नगारे वाजले, राज्याची घडी पुन्हा बसली. राजाने विचारले, “हे पाणी कोणी आणले?”

केतकीने तोंड उघडले. तिच्या आधी मृणालवतीच बोलली.

“आम्ही दोघींनी.”