गुहेपासून नदीकाठापर्यंतची वाट

फार पूर्वी शोणा नदीच्या अलीकडच्या काठावर, हिरण्यपुरात उग्रतेज राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. पलीकडच्या काठावर वेणुनगर होते. दोन्ही राज्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे हाडवैर. युद्ध मात्र होत नसे. कारण दोघांपाशीही विषधूमाचे रांजण होते. रांजण फुटला की सारे नगर गुदमरून मरावे, असा तो धूर. त्यात नदीवरचा वारा सकाळी अलीकडे, तर संध्याकाळी पलीकडे वाही. टाकणाराही वाचणार नाही, हे दोघेही पुरते ओळखून होते.

रांजण डोंगरातल्या गुहेत ठेवायचे आणि ते फेकण्याची यंत्रे नदीकाठी, अशी दोघांची रीत होती. मधली वाट बैलगाडीने अर्ध्या दिवसाची. काठावर सैन्य जमवायचे झाले, अगदी उत्सवासाठी का असेना, तर आधी तशी खबर देणारी वर्दीची नाव पलीकडे धाडायची. तिला हुकूम फक्त राजाचा.

हिरण्यपूरचा सेनापती वज्रबाहू याने नवी यंत्रे बांधवली. हौशी माणूस, रोज समोर उभा राहून त्यांना तेल लावून घेई. तो राजाला म्हणाला, "महाराज, रांजणही आता यंत्रांवरच चढवून ठेवू. शत्रू हलला की दोरी कापायचाच अवकाश."

बोधिसत्त्व म्हणाला, "यंत्रे हवी तेवढी नवी करा, महाराज. मधली वाट मात्र राहू द्या. आपली काही चूक झालीच, तर ती कळायला तेवढाच वेळ आहे."

राजाला दोघांचेही पटत होते. तो हो म्हणेना, नाही म्हणेना, आणि रांजण गुहेतच राहिले.

एके दिवशी सकाळी पाहतात तो वेणुनगरचे सगळे सैन्य काठावर उभे, मागे धूर चढलेला आणि वर्दीच्या नावेचा पत्ता नाही. राजाने तत्काळ रांजण आणायला गाड्या पाठवल्या.

"गाड्या येईपर्यंत मला पलीकडे जाऊन येऊ द्या," बोधिसत्त्वाने विनवले.

"ते तुम्हाला धरून ठेवतील," सेनापती म्हणाला.

"मग मी तिथे आहे म्हणून हात आखडू नका."

असे म्हणून तो नावेत चढला. मरणाचे भय त्यालाही होतेच.

पलीकडे चिता जळत होती. वेणुनगरचा म्हातारा राजा पहाटे वारला होता, आणि सैन्य त्याला निरोप द्यायला जमले होते. राजपुत्र सुदत्त नुकतेच मुंडन करून चितेसमोर उभा होता. तो म्हणाला, "अमात्य, तुमच्या गाड्या डोंगर चढताना दिसल्या. आमच्याही गाड्या मी रांजण आणायला धाडल्यात. आता मागे कसा सरू?"

बोधिसत्त्वाने चितेवर चंदनाचा एक तुकडा वाहिला, हात जोडले आणि म्हटले, "मागे सरू नका. माझ्याबरोबर पुढे चला. आहात तसेच."

राजपुत्राला त्याच्याच माणसांनी अडवले. त्याने त्यांना बाजूला सारले आणि तो नावेत बसला.

उग्रतेज राजाने त्याचे मुंडन केलेले डोके पाहिले, आणि त्याचा आवाजच बदलला. "वडील गेले? अरे, मग वर्दीची नाव का नाही धाडलीस?"

"धाडणारे तेच होते, महाराज," राजपुत्र म्हणाला.

राजा खाली बसला. मग त्याने घोडा मागवला आणि डोंगर उतरणाऱ्या गाड्या स्वतः जाऊन वळवल्या. सुदत्तानेही आपल्या गाड्या मागे फिरवल्या.

वज्रबाहू आपल्या यंत्राला टेकून उभा होता. "मी तर वेळ वाचवायला निघालो होतो," तो एवढेच म्हणाला.

रांजण कोणीच नष्ट केले नाहीत. वैरही सरले नाही. पण त्या दिवसापासून वर्दीच्या नावेला कोणाच्या हुकमाची गरज उरली नाही. नावाड्याने काठावर गर्दी पाहिली की निघायचे.

ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा वज्रबाहू म्हणजे काल पुरते न ऐकताच गावकऱ्यावर ओरडलेला आपला भद्दक. राजा उग्रतेज तो नंदिय, राजपुत्र सुदत्त तो सोणक, आणि अमात्य मीच होतो. मारण्याची शक्ती हाती असताना आधी विचारायला जाणे, हीच क्षांतिपारमिता, सहनशीलतेची परिपूर्णता."

भद्दक उठला आणि त्या गावकऱ्याचे घर विचारीत निघाला.